वरच्या खुर्चीचा पगार

आमच्या कॅनरीत, म्हणजे मासे डबाबंद करायच्या कारखान्यात, ट्यूना मासा चांगला की सडका हे सांगणारं एक यंत्र आहे. आणल्यावर ते दोन महिने चाललं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून ते काम माझी नणंद सालोमे करते. माशाच्या कल्ल्यापाशी नाक नेते, शेपटीजवळ अंगठा दाबते आणि म्हणते, ‘जाऊ दे’ नाहीतर ‘फेक’. तिने जाऊ दिलेल्या माशाने अजून कुणाचं पोट बिघडलेलं नाही. पगार मात्र मासे साफ करणाऱ्या बाईचा, ताशी आठ डॉलर. तिच्या शब्दावर सही करणारा चेकर टाक्यांवरच्या लोखंडी जाळीच्या पुलावर खुर्ची टाकून बसतो. त्याला सोळा.

म्हातारा चेकर काम सोडून मलाइटा बेटावर आपल्या गावी गेला, तेव्हा मॅनेजरने त्या जागेसाठी परीक्षा ठेवली. वीस मासे मांडले. माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाचा पोरगा हडसन, शिकलेला, पेन खिशाला लावून आलेला. त्याचे अकरा बरोबर आले. सालोमेचे वीसच्या वीस. मॅनेजरने टाळ्या वाजवल्या.

दुपारी आम्ही दोघी भिंतीला टेकून कसावा खात होतो. मासा आम्ही डब्यात आणत नाही, दिवसभर नाकात असतो तेवढा पुरतो.

“वहिनी, माझी नोला नर्सिंगला जाणार,” सालोमे म्हणाली. “राजधानीतल्या, होनियाराच्या कॉलेजचा फॉर्म भरून ठेवलाय. पहिला पगार हातात आला की पाठवते.”

“आणि तुझे गुडघे?”

“वर खुर्ची आहे ना! एकोणीस वर्षं उभी आहे मी. आता बसते की नाही बघ.”

इतकी हसताना मी तिला तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

माझा नवरा तोआता हा तिचा थोरला भाऊ. तो त्याच पुलाखाली टाक्यांमधून मासे ओढतो. संध्याकाळी घरी आला तो धुसफुसतच.

“माझ्या डोक्यावरून माझी बहीण चालणार? लोक थुंकतील.”

आम्हा मलाइटाच्या लोकांत बाईचे पाय पुरुषाच्या डोक्यावरून जात नाहीत. गेलेच, तर बाईच्या घरच्यांनी शिंपल्यांची माळ आणि डुक्कर देऊन त्याचा मान भरून द्यायचा.

“आजवर लोकांनी तुमच्याकडे बघितलं तरी का थुंकायला?” मी म्हणाले.

“तू गप्प बस.”

मी गप्प बसले. मला त्याची सवय आहे, आणि त्या सवयीचा मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. पुलाखालचे सहा पुरुष हाताची घडी घालून उभे. मॅनेजर गंभीर चेहरा करून म्हणाला, “आम्ही तुमच्या चालीरीतींचा आदर करतो.” गेल्या वर्षी माझा बाप वारला तेव्हा याच माणसाने मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती, तीही बिनपगारी. त्या दिवशी आमच्या चालीरीती कुठे गेल्या होत्या कोण जाणे.

“मग टेबल खाली आणा, साहेब,” सालोमे म्हणाली. “मासा तर मी खालीच बघते.”

“चेकरचा पगार वरच्या खुर्चीचा आहे. काम खाली आलं की पगारही खालचा.”

“मग जाळीवर फळ्या टाका.”

“फळ्या टाकल्या म्हणून माझं डोकं बदलतं का?” तोआता म्हणाला. पुरुष हसले.

सालोमेने माझ्याकडे पाहिलं.

ती का बघतेय हे मला पक्कं ठाऊक होतं. दर बुधवारी तो पूल आम्ही बायकाच धुतो. वर बादल्या घेऊन आम्ही, खाली हेच सहाजण. पाणी अंगावर पडलं की ओरडतात, “ए, बघून ओता गं!” आजवर एकानेही डुक्कर मागितलेलं नाही. आठ डॉलरचे पाय चालतात, सोळाचे चालत नाहीत. एवढंच बोलायचं होतं. पण आमच्यात बहिणीने भावासमोर असलं काही काढलं तर ती शिवी होते. बायकोला मुभा असते. त्या खोलीत तोआताची बायको मीच होते.

वाक्य जिभेवर होतं. तोआता माझ्याकडे बघत होता. संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी मलाच जावं लागणार होतं. मी मान खाली घातली आणि नखांतला मासा काढत बसले.

“कुणाला काही बोलायचंय?” मॅनेजरने विचारलं.

हडसनला जागा मिळाली.

आता सालोमे खाली उभी राहून मासा हुंगते आणि वर हात करते. उघडा पंजा म्हणजे जाऊ दे, मूठ म्हणजे फेक. हडसन वरून बघतो आणि सही करतो. पोरगा वाईट नाही. पगाराच्या दिवशी नूडल्सची दोन पाकिटं आणतो, “आत्या, घे गं, तुझ्यामुळेच तर.” ती घेते. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडत नाही. मीठ दे, चाकू दे, एवढंच बोलते.

गेल्या सोमवारी नोला आमच्या टेबलावर कामाला आली. टोपी, एप्रन, पायात दोन मापं मोठे गमबूट. चाकू कसा धरायचा ते आईने दाखवलं. तासाभराने पोरगी आईने अजून न हुंगलेल्या एका माशापाशी थांबली. वाकली, कल्ल्याला नाक लावलं.

“आई, हा सडलाय.”

सालोमेने तो मासा हातात घेतला, हुंगला. मीही हुंगला, मला काहीच कळलं नाही. पोरीचं बरोबर होतं, सालोमेच्या चेहऱ्यावरूनच समजलं. तिने एकदा वर हडसनकडे पाहिलं. तो पेनाने कान कोरत होता.

“तुला कसं कळलं?” तिने हळूच विचारलं.

“वास येतोय की. तुला नाही येत?”

“कुणाला सांगितलंस का?”

“नाही. आत्ताच तर...”

“सांगू नकोस. आज नाही, कधीच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, मला वास कळत नाही.”

“पण आई, लोक खातील तो.”

“जन्मभर फुकट हुंगायला लावतील तुला. चाकू चालव.” सालोमेने मासा तिच्या पुढ्यात परत ठेवला.

नोलाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईने त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मी पुढचा मासा ओढला. पोरीने तो सडका मासा कापला, आणि तो डब्यांकडे गेला.