भांड्याचं वजन वजा जाता

सुख मोजता येतं, आणि जे मोजता येतं ते वाढवताही येतं, हे समजायला मानवजातीला काही हजार वर्षं लागली. भाचीला ते पहिल्याच तासाला समजलं, कारण ती पहिल्या बाकावर बसली होती. तिने ते वहीत उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि वर्षाच्या शेवटी ती सुखात नापास झाली.

विषयाचं पूर्ण नाव सकारात्मक मानसशास्त्र. पण एवढं लांबलचक कोण म्हणतंय? कॉलेजात सगळे त्याला नुसतं 'सुख' म्हणत. 'सुख किती वाजता आहे?' 'आज सुख नाही, बाई रजेवर आहेत.' या बाईंना अर्थातच 'सुखाच्या बाई' म्हणत. त्या कायम हसतमुख असत. वर्गात पंखा अंगावर पडला असता तरी त्यांनी आधी वाऱ्याचे आभार मानले असते.

लेखी परीक्षेत भाचीला काही अडचण नव्हती. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात. एक जिवंत माणूस घ्यायचा, त्याला शून्य ते दहाच्या पट्टीवर त्याचं सुख विचारायचं, चार आठवडे त्याच्याकडून सुखाचे व्यायाम करून घ्यायचे, आणि आकडा निदान दोनने वर न्यायचा. मागच्या वर्षी तिने शेजारच्या काकूंना घेतलं होतं. काकू सातवर होत्या. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहून काढायला सांगितल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की दिवसात तीन होतच नाहीत. आठवड्याभरात त्या पाचवर आल्या आणि भाचीशी बोलेनाशा झाल्या. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. शनिवार-रविवारी काकू जरा सावरतील या आशेने भाचीने तो सोमवारपर्यंत धरून ठेवला. काकू चारवर गेल्या.

आता ही दुसरी आणि शेवटची संधी होती. दोनदा नापास झालं की विषय बदलावा लागे, आणि जागा शिल्लक असलेला एकच विषय होता : संख्याशास्त्र. त्याचं जाडजूड पुस्तक भाचीने लायब्ररीत एकदा उघडून लगेच मिटलं होतं.

तेव्हा या खेपेला तिने मामाला धरलं. कॉलेज जवळ म्हणून ती मामा-मामींकडेच राहत होती. खाली मामाचं दुकान, वर घर. मामा वजनकाटे दुरुस्त करायचा. बेकरीचे, भाजीचे, औषधाच्या दुकानातले, सगळे. स्वभावाने शांत, कुठलं व्यसन नाही, आणि मुख्य म्हणजे चेहरा असा, की आकडा वर जायला भरपूर जागा असावी.

"मामा, शून्य ते दहा. आत्ता तू किती सुखी आहेस?"

मामाने चष्मा लावला आणि कागदावरची पट्टी उजेडात धरली.

"हिच्यावर शिक्का कुठंय?"

"कसला शिक्का?"

"तपासल्याचा. ही पट्टी शेवटची कधी तपासली? कोणी?"

"मामा, हा काटा नाहीये. प्रश्नावली आहे."

"मोजते ना? मग काटाच."

शेवटी मामा तयार झाला, पण एकदा मोजून आकडा सांगणं त्याच्या रक्तात नव्हतं. तीनदा मोजायचं आणि मधला आकडा धरायचा, ही दुकानाची रीत. तो तीनदा डोळे मिटून बसला. साडेसहा, सात, पावणेसात.

"पावणेसात," भाचीने लिहायला घेतलं.

"थांब, थांब! भांड्याचं वजन वजा नको करायला?"

"कुठलं भांडं?"

"अगं, तेल मोजताना डबा वजा करतो ना आपण? आत्ता माझं जेवण झालंय, ते जेवणाचं सुख. माझं नव्हे. त्याचे एक. पंखा चालू आहे, त्याचं अर्धं. आणि तुझी मामी आज बऱ्या मूडमध्ये आहे. ती रोज नसते. तिचे एक पूर्णांक शून्य पाच."

"मला वजा केलंत?" आतून मामींचा आवाज आला.

"तुला नाही गं, तुझ्या मूडला."

"तो आता गेला. परत मिळवा ते एक पूर्णांक काय असेल ते."

मामाने बोटांवर हिशेब केला. "निव्वळ सुख, चार पूर्णांक दोन. लिही."

भाचीने आनंदाने लिहिलं. फक्त सहा पूर्णांक दोनपर्यंत जायचं होतं. आपण कशात पाय घातलाय हे तिला पहिल्या आठवड्याच्या शेवटी कळलं.

पहिला आठवडा चांगल्या गोष्टींच्या वहीचा होता. मामाने ती शिस्तीत लिहिली. पहिल्या दिवशीची नोंद अशी : 'एक, पाव किलोचं वजन बरोबर पाव किलो भरलं. दोन, अर्ध्या किलोचंही. तीन, एक किलोचं तपासायचं राहिलं, पण संशय घ्यायला जागा नाही.' सातही दिवस वजनं बरोबर भरली. रविवारी मामा म्हणाला, "वही लिहून बरं वाटतं हं. तीन-चार दशांश तरी चढलो."

"मग किती लिहू?"

"चार पूर्णांक दोन. वहीचे तीन-चार दशांश वजा."

"पण मामा, वही वजा करायची नाही! वहीमुळेच तर वाढलं!"

"तेच म्हणतोय मी. वहीमुळे वाढलं, म्हणजे ते वहीचं. उद्या वही काढून घेतलीस तर? पारड्यात डबा ठेवून तेल वाढलं म्हणणारी माणसं पाहिलीत मी. त्यांची दुकानं बंद पडली."

भाचीने डोक्याला हात लावला. हा माणूस बेइमान असता तर किती बरं झालं असतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात आस्वादाचा व्यायाम. एकच द्राक्ष घ्यायचं आणि पाच मिनिटं, सगळं लक्ष त्यात घालून, ते खायचं. मामाने द्राक्ष आधी तोलून घेतलं. मग तोंडात टाकलं आणि घड्याळाकडे बघत बसला. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय जाणवतंय?" भाचीने हळू आवाजात विचारलं, पुस्तकात तसं विचारा म्हटलं होतं.

"आंबट."

"आणखी खोल जा."

"बी आहे."

"माझ्या हातचं कधी पाच मिनिटं चावलं नाही यांनी," मामी म्हणाल्या. "आणि एका आंबट द्राक्षापुढे कसे डोळे मिटून बसलेत बघा." त्या दिवशी मामींच्या मूडचं काही वजा करावं लागलं नाही. उलट थोडं मिळवावं लागलं, ते मिळवून पुन्हा चार पूर्णांक दोनच आलं.

तिसऱ्या आठवड्यात अनोळखी माणसावर उपकार. मामा कोपऱ्यावरच्या फळवाल्यापाशी गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाला, "तुमचा काटा किलोमागे तीस ग्रॅम कमी देतो. फुकट दुरुस्त करून देऊ का?" मामाला धावत परत यावं लागलं. वर येऊन धापा टाकत त्याने अहवाल दिला : चार अनोळखी लोकांवर उपकार झाले, पाचव्यावर नाही. आकडा तोच.

आता एकच व्यायाम उरला, कृतज्ञतेचं पत्र. ज्याचे आभार मानायचे राहून गेलेत अशा माणसाला पत्र लिहायचं आणि समोर बसून वाचून दाखवायचं. सुखाच्या बाईंच्या मते हा रामबाण उपाय होता. भाचीला वाटलं, मामा मामींना लिहील. मामींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी चांगली साडी नेसली. मामा दोन दिवस कागदावर खाडाखोड करत होता, आणि तिसऱ्या दिवशी पत्र घेऊन तो रस्ता ओलांडून गेला.

रस्त्यापलीकडे 'समोरचा' होता. समोरचाही वजनकाटेच दुरुस्त करायचा. त्याचं खरं नाव घरात अकरा वर्षं कोणी घेतलं नव्हतं. बेकरीवाल्याच्या एका काट्यात दोन ग्रॅमचा फरक आहे की नाही, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. तेव्हापासून मामा दुकानात असा बसे, की रस्ता दिसावा पण पलीकडची बाजू दिसू नये.

भाची धावत मागे गेली. मामा समोरच्याच्या स्टुलावर ताठ बसला होता आणि वाचत होता.

"'सप्रेम नमस्कार. तुमचे आभार मानायचे राहून गेले. माझी निम्मी गिऱ्हाइकं तुमच्यामुळे आहेत. तुम्ही दुरुस्त केलेला प्रत्येक काटा दोन महिन्यांत माझ्याकडे येतो...'"

समोरच्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "आणि तुझे कुठे जातात माहितेय? भंगारात!"

"मध्ये बोलायचं नाही. व्यायाम चालू आहे. 'तुमच्या हातात जी सैल स्प्रिंग बसवायची कला आहे...'"

"सैल? सैल तुझं डोकं! बेकरीचा काटा आण. आत्ता आण. दोन ग्रॅम होते!"

"नव्हते!"

"होते रे!"

संख्याशास्त्राचं जाडजूड पुस्तक भाचीला डोळ्यांसमोर दिसू लागलं. पण ते दोघं काही थांबेनात. बेकरीवाल्याला त्याच्या काट्यासकट बोलावलं. वजनं आली. चहा आला. मारामारीची वेळ आली तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की चष्मे वर्कबेंचवर आहेत, आणि ती टळली. फरक एक ग्रॅमचा निघाला. आता तो कोणाच्या बाजूने धरायचा यावर नवं भांडण सुरू झालं. मामा अडीच तासांनी घरी आला. शर्टाचं बटण तुटलेलं, आवाज बसलेला, आणि जिना चढताना चक्क गुणगुणत.

भाचीने भीत भीत पट्टी पुढे केली. मामाने तीनदा डोळे मिटले.

"सात पूर्णांक एक."

"आणि वजा?"

"वजा काय करू? चहा त्याचा होता, पण पांचट. हे भांडण माझं स्वतःचं आहे, बाळ. अकरा वर्षं सांभाळून ठेवलेलं. निव्वळ सात पूर्णांक एक. लिही."

"मी साडी बदलते," मामी म्हणाल्या.

भाचीच्या जिवात जीव आला. पण हा आकडा किती टिकेल याचा नेम नव्हता. तो उतरायच्या आत तिने एका बैठकीत अहवाल लिहिला आणि गुरुवारीच कॉलेजच्या ऑफिसात नेऊन दिला.

पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा होती, आणि तिला सहभागी माणसाला सोबत आणायचं होतं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. सुखाच्या बाई हसल्या.

"वा! दोन पूर्णांक नऊची वाढ. कशामुळे वाटतं तुम्हाला?"

"कृतज्ञतेच्या पत्रामुळे," भाची घाईने म्हणाली.

"भांडणामुळे," मामा म्हणाला.

"भांडण हा पर्याय आमच्या फॉर्ममध्ये नाही," बाई हसतच म्हणाल्या, पण त्यांचं पेन थबकलं.

"घाला मग. बरं, तुमचा आकडा किती, बाई?"

"माझा? नऊ. नेहमीच नऊ."

"भांड्यासकट?"

भाचीने मामाचा शर्ट ओढला. उपयोग झाला नाही. मामाने रीत समजावून सांगितली, आणि बाईंनी, शास्त्र म्हणून, करून बघायचं ठरवलं. एसीचा एक गेला. फिरत्या खुर्चीचं अर्धं. खोलीच्या दारावर नाव आहे त्याचे दोन. विद्यार्थी उभे राहून नमस्कार करतात त्याचा एक. मग बाई स्वतःच वजा करू लागल्या, मामाने न विचारताच. हसण्याचा पगार मिळतो त्याचे दीड, असं म्हणून त्या थांबल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

"तीन," त्या म्हणाल्या.

"वाईट नाही," मामा म्हणाला. "एवढ्या वापरात झीज होणारच. घरी भांडायला कोणी आहे का?"

बाईंनी दोघांना जायला सांगितलं. हसल्या नाहीत.

निकाल महिन्याने लागला. या वर्षीपासून गुणांची फोड छापून देत होते. भाचीने घरी येईपर्यंत कागद उघडला नाही, आणि उघडला तो मामाच्या हातात दिला. मामाने चष्मा लावला. सहभागीची प्रगती, शून्य. व्यायामांची निवड, शून्य. तोंडी परीक्षा, शून्य. अहवाल मुदतीत सादर केल्याबद्दल, सोळा.

"म्हणजे निव्वळ शून्य," मामा म्हणाला. "सोळा भांड्याचे."

पास व्हायला सोळाच लागत होते. मागच्या वर्षी तिने अहवाल सोमवारी दिला होता.