तुझ्या वाटणीची बुडी

वाळूबा तांबट जन्मभर पाणी तापवायचे बंब ठोकत आला, पण त्याच्या स्वतःच्या घरात बंब नव्हता. बायकोनं, लंकाबाईनं, विषय काढला की त्याचं उत्तर ठरलेलं. "बंब म्हाताऱ्यांना लागतो. आपल्याला गंगा आहे की!" गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात, आणि तांबट आळीतून ती हाकेच्या अंतरावर.

या तोऱ्याचं मूळ होतं त्याचा बालमित्र पुंजाराम माळी. मिसरूड फुटायच्या आधीच दोघांनी पैज लावली होती. कोजागिरीपासून शिवरात्रीपर्यंत रोज पहाटे गंगेत बुडी मारायची. जो आधी सोडेल तो म्हातारा. तेव्हा थंडी म्हणजे नुसती चैन. पाण्यातून वर आलं की उघड्या अंगातून वाफा निघायच्या, आणि पाणी भरायला आलेल्या पोरी त्या वाफांकडेच बघतात, अशी दोघांची पक्की समजूत होती. पोरी कशाला बघतात! पण समजूत होती खरी. पुढं लग्नं झाली, पोरंबाळं झाली, थंडी अंगवळणी पडली. मग पन्नाशी उलटली आणि पाळलेल्या कुत्र्यानं एक दिवस उलटून चावावं, तशी तीच थंडी गुडघ्याला चावायला लागली.

एकोणीसशे पस्तीस सालच्या पौषात तर वाळूबाची दशा बघवत नव्हती. अंथरुणात पडल्यापासूनच त्याला पहाटेची धास्ती वाटायची. लंकाबाई वीट तापवून, फडक्यात गुंडाळून त्याच्या गुडघ्याला लावायची आणि तोंडानं त्याचा उद्धार करायची. पण तो जायचा. आता पैजेसाठी नाही, पुंजारामसाठी. दोन वर्षांपूर्वी पुंजाराम लेकाकडं पंचवटीत, नदीच्या पलीकडं राहायला गेला होता. भेट अशी राहिलीच नव्हती. उरली होती फक्त पहाटेची हाक. नदीवर धुकं असायचं, माणूस दिसायचा नाही, पण पलीकडच्या पायऱ्यांवरून आवाज यायचा.

"वाळ्याऽऽ, उतरलास का रे?"

"उतरलोऽऽ! तू?"

"हा बघ!" आणि मग पाण्यात धप्पकन आवाज. तो ऐकला की वाळूबा डोळे मिटून खाली जायचा. आपण थांबलो तर बिचारा पुंज्या एकटा पडेल, एवढंच त्याच्या मनात असायचं.

एका पहाटे पुंजारामच्या हाकेत खोकला आला. वाईट, छातीतून येणारा. वाळूबाला दिवसभर काही सुचेना. पत्र्यावर ठोका एकीकडं पडायचा, मन दुसरीकडं. हा हट्टी माणूस पैज सोडणार नाही आणि या थंडीत एक दिवस हातचा जाईल. संध्याकाळी त्यानं लंकाबाईला सांगितलं, "उद्या जाऊन त्याला सांगतो, हरलो म्हणून. मी म्हातारा झालो म्हणतो. म्हणजे तो सुटेल."

"तुम्ही हरलो म्हणणार?" लंकाबाई बघतच राहिली. या माणसानं तिच्यापुढं उभ्या जन्मात हार मानली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावर न जाता तो पूल ओलांडून पंचवटीत उतरला. धुक्यातून चाचपडत पायऱ्यांपाशी पोहोचला आणि तिथल्या दीपमाळेआड जागच्या जागी थबकला.

पुंजाराम पायरीवर बसला होता. अंगावर घोंगडी, डोक्याला कानटोपी, पायांत मोजे. हातात एक जाड काठी, पाण्यावर उगारलेली.

"वाळ्याऽऽ, उतरलास का रे?" त्यानं पलीकडं हाक दिली आणि कान दिला. उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा हाक दिली.

वाळूबाच्या डोळ्यांपुढं दोन हिवाळे उभे राहिले. तापलेली वीट, सुजलेले गुडघे, ती प्रत्येक बुडी. तरीही एक वेडी आशा होती. आपली ओ आली नाही म्हणजे आता हा घाबरेल. उठेल, पुलाकडं धावेल. वाळ्या बुडाला की काय, म्हणेल.

पुंजारामनं तिसरी हाक दिली. मग काठी काखेत मारली. "नाही आला. सुटलो बाबा," असं स्वतःशीच म्हणत तो उठला.

"या लवकर, पाणी निवतंय!" वरच्या घरातून त्याच्या बायकोचा, नवसाबाईचा आवाज आला. अंगणात बंब धुमसत होता. निखाऱ्यांच्या उजेडात त्याची घडण वाळूबानं लांबूनच ओळखली. त्याच्याच दुकानाला लागून दुकान असलेल्या चुलतभावाच्या हातचा बंब होता तो. म्हणजे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एका वाळूबाला. अरे, माझ्याकडं आला असतास तर फुकट दिला असता की मी! पैज दोघांनी मिळून सोडली असती, त्याच बंबाशेजारी बसून हसलो असतो. हे सगळं ओरडून सांगावंसं वाटलं. चोरी पुंजारामची, आणि लाजेनं मान खाली गेली वाळूबाची. तो आला तसा परत गेला.

लंकाबाईनं विचारलं, "सांगितलंत?"

"उद्या सांगतो," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या पहाटे तो नेहमीच्या घाटावर गेला. धोतर, बंडी, वर रजाई. पाण्याला त्यानं पायसुद्धा लावला नाही. हाक आली.

"वाळ्याऽऽ! काल कुठं होतास रे? हरलास की काय?"

"हरलो रे, पुंज्या!" वाळूबा ओरडला. "मी म्हातारा झालो. उद्यापासून येत नाही."

परवा हेच शब्द त्यानं मायेनं जुळवून ठेवले होते. आज ते तोंडात कडू लागले. आता तरी हा खरं बोलेल, वाळूबाला वाटलं. बोल, पुंज्या. एवढं एकदा खरं बोल, मी सगळं विसरतो.

"वाटलंच होतं मला!" पुंजाराम मोठ्यानं हसला, खोकला आणि पुन्हा हसला. "काळजी करू नकोस गड्या! आज तुझ्या वाटणीची बुडीसुद्धा मीच मारतो!"

आणि पाण्यात धप्पकन आवाज झाला. मग दुसरा.

नुसत्या टिचकीनं तांबं कोणतं नि पितळ कोणतं ते सांगणारा वाळूबाचा कान. तो आवाज काठीचा होता, स्वच्छ काठीचा. दोन वर्षं तोच आवाज ऐकून तो पाण्यात उतरत आला होता.