माझ्यावर नसलेलं वाक्य

मी हार्ड डिस्क बोलतेय. संगणकाच्या डब्यात अंधारात बसलेली असते ती. माझ्या पोटात एक गुळगुळीत तबकडी फिरते आणि तिच्यावर जे काही लिहिलं जातं, ते मला ठाऊक असतं. म्हणूनच जे सांगणार आहे, त्याची मला अजून भीती वाटते.

दोन हजार एक साली शाहूपुरीतल्या एका दुकानातून मी पेठ वडगावात आले. घर अण्णासोंचं. ते पोस्टात कारकून. पत्नी यल्लव्वा, मुलगी अक्षता आणि डिप्लोमा करणारा मुलगा प्रसेनजीत. संगणकासोबत माइक मिळाला होता. अक्षतानं तो आईच्या तोंडापुढं धरला.

"काय बोलू गं ह्यात?" म्हणत यल्लव्वा लाजली. मग रोजचंच बोलली, "प्रसेनजीत, ताट वाढलंय. ऊठ की."

तेवढंच माझ्यावर उमटलं.

पुढच्या वर्षी यल्लव्वा काविळीनं गेली. घरात बोलणं कमी झालं. प्रसेनजीत गेममध्ये बुडाला. एक गेम त्यानं आणला, त्यात ओसाड गावातली दारं उघडत फिरायचं. माझ्यावर जागा पुरेना, तेव्हा त्यानं जुन्या फायली न बघताच पुसल्या. त्यात आईचा आवाजही होता.

पण माझ्याकडं पुसणं म्हणजे नुसतं नाव काढणं. त्या जागी दुसरं काही लिहीपर्यंत जुनं तिथंच पडून असतं. गेम माझ्यावर चढत असताना वीज गेली, आणि आली तेव्हा माझा सगळा गोंधळ उडाला होता. गेममधल्या एका दाराचा आवाज काढायला जावं, तर हाताला यल्लव्वा लागायची.

दुपारी प्रसेनजीतनं ते दार उघडलं.

"प्रसेनजीत, ताट वाढलंय. ऊठ की."

त्याच्या हातातला माउस सुटला. अक्षता धावत आली. "तू लावलंस?"

"न्हाय. दारातनं आलं."

मग दोघं रोज ते दार उघडू लागली. आधी रडायची, पुढं नुसती बसून ऐकायची. अण्णासोंना बोलावलं, तर ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "मला न्हाय ऐकायचं. गेलेल्या माणसाला असं राबवू नये."

त्या वापरानं मी थकले. आतून टकटक होऊ लागली. प्रसेनजीत घाबरला आणि मला डब्यासकट दुरुस्तीवाल्या सयाजीकडं घेऊन गेला.

"पावणं, ही झिजलीया," मला कान लावून सयाजी म्हणाला. "जितकी चालवशीला तितकी लवकर जाईल. आवाज सीडीवर काढून देतो, मग हिला हात लावू नगा."

त्यानं सीडी काढली. घरी लावली, तर तिच्यावर नुसती दाराची करकर. यल्लव्वा नव्हती. पुन्हा काढली, पुन्हा करकरच.

अक्षता वडिलांना म्हणाली, "बाबा, आता शेवटचंच लावतोय. परत मिळणार न्हाय."

अण्णासो आले. खुर्चीच्या कडेला टेकले. प्रसेनजीतनं मला चालू केलं. माझी टकटक खोलीभर ऐकू जात होती. दार उघडलं.

"प्रसेनजीत, ताट वाढलंय. ऊठ की."

इथं आवाज संपायला हवा होता. माझ्यावर पुढं काहीच नव्हतं. मी थांबले. पण आवाज थांबला नाही.

"अवं, तुमी का जेवला न्हाईसा?"

मुलांनी वडिलांकडं पाहिलं. अण्णासोंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं, मला तर कुठून असणार? मी माझी तबकडी कडेपासून मध्यापर्यंत चाचपली. ते वाक्य माझ्यावर कुठंच नाही.

अण्णासो हलक्या आवाजात म्हणाले, "जेवतो." मग स्वतः उठून त्यांनी बटण बंद केलं. "आता तिला ताण नगो."

ती म्हणजे मी की यल्लव्वा, हे कुणी विचारलं नाही.

आज मी डब्यातून बाहेर काढलेली, कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेली आहे. उद्या कधी भंगारात तुमच्या हाती लागले, तर कृपा करून मला विजेला जोडू नका. आत काय आहे ते मला सांगता येईल. कोण आहे, ते नाही.

रोज जेवण झालं की अण्णासो हात पुसत कपाटापाशी येतात. "जेवलो गं," म्हणतात. अशा वेळी, कसलीही तार जोडलेली नसताना, माझी तबकडी एक वळसा घेते.

मी ती फिरवत नाही.