हातानं ओढायचं पाचवं चाक

पूनमसिंग राठोड गेल्या अकरा वर्षांत आपल्या सुनेशी एक शब्दही थेट बोलला नव्हता. भांडणबिंडण काही नाही हो! उलट बबितासारखी सून मिळायला नशीब लागतं, हे तो तांड्यातल्या चार माणसांत छाती फुगवून सांगे. पण त्याच्या घरची रीत जुनी. सासरा समोर आला की सुनेनं हनुवटीपर्यंत घुंगट ओढायचा, सासऱ्यानं तिचं नाव घ्यायचं नाही, आणि काही सांगायचंच झालं तर सासूच्या, म्हणजे याडीच्या, तोंडून. मुलगा सुनील नागपूरला कंपनीत, नात दिवसभर शाळेत. मग घरात उरत तिघं, आणि तिघांत बोलणारी एकच.

"तिले म्हणा, चहा ठेव," पूनमसिंग म्हणे. बबिता दोन हातांवर उभी असे, कान काही बहिरे नव्हते. तरी हंसाबाईनं तेच वाक्य पुन्हा म्हटल्याशिवाय ती चुलीकडे वळत नसे.

"मी तुमची बायको होय का फोनचा टॉवर?" हंसाबाई चिडायची.

चिडली तरी निरोप पोचवायची. असं छान चाललं होतं.

मग गेल्या साली पूनमसिंगच्या डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू. समोरचं लख्ख दिसायचं, पण बाजूचं काहीच नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, बाबा, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस! आर्णी, दारव्हा, कळंब, कुठल्या रस्त्याला कुठं खड्डा आहे ते त्याला झोपेत सांगता यायचं. त्यानं पिकअपची चावी खिळ्याला अडकवली आणि बाजेवर जाऊन बसला. बसला तो बसलाच.

चावी उचलली बबितानं. सुनीलनं तिला गाडी शिकवली होती, लायसन होतं. तिच्या बचत गटाला तुरीची डाळ करायची गिरणी मिळाली, तीही ट्रेलरवर बसवलेली. गावोगाव न्यायची, शेतकऱ्याच्या दारात त्याची तूर भरडून द्यायची. पूनमसिंगला ऐकूनच हुरूप आला. त्याला आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आपल्या गाडीत बसून त्या गिरणीसोबत जायचं. काहीतरी कामाचं असायचं.

"तिले म्हणा," तो एकदा हळूच म्हणाला, "रस्ते मले माहीत आहेत."

उत्तर आलं नाही. हंसाबाईनं निरोप पोचवला नाही की सुनेला सासरा सोबत नको होता, हे त्याला कळेना, आणि विचारायची लाज वाटे.

आता गंमत त्या ट्रेलरची. तो काही ट्रॉलीसारखा मागच्या हुकाला लागणारा नव्हता. त्याचं नाक पुढं लांब आलेलं. ते पिकअपच्या मागच्या उघड्या डाल्यात यायचं आणि तिथं बसवलेल्या एका लोखंडी ताटात अडकायचं. दारव्ह्याचा धम्मरत्न मिस्त्री त्या ताटाला पाचवं चाक म्हणत होता.

"चाक?" पूनमसिंगनं वाकून पाहिलं. "हे कुठं जाते?"

"जात नाही, काका. जाग्यावरच फिरते."

"मंग तुमच्यासारखंच आहे," हंसाबाई म्हणाली. धम्मरत्न मोठ्यानं हसला, आणि घुंगटाआडूनही खुसकन आवाज आला.

ताट पक्कं ठोकून गाडी तांड्याकडे निघाली. नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, ओलांडला की तांड्यात शिरताना कडुनिंबापाशी अगदी काटकोनात वळायचं असतं. तिथं पूनमसिंग आधी उतरला आणि मागं उभा राहिला. हंसाबाई कॅबिनच्या दाराशी. बबितानं स्टिअरिंग फिरवलं, तसं ट्रेलरच्या नाकाचं एक टोक कॅबिनच्या मागच्या काचेकडे सरकायला लागलं. डाला आखूड, नाक लांब.

"थांबव म्हणा!"

"काय म्हणा?"

"थांबव! थांबव म्हणा तिले!"

"अवो बबिता, हे म्हणतेत का..."

खळ्ळकन काच फुटली.

बबिता खाली उतरली. घुंगटावर काचेचे तुकडे चमकत होते. नशीब थोर, लागलं कुठं नाही. पण पूनमसिंग त्या घुंगटाकडेच पाहत राहिला. घुंगट हनुवटीपर्यंत! पोरीनं आरसा पाहिलाच नव्हता. कारण आरशात सासरा दिसत होता ना, आणि सासरा दिसला की तोंड झाकायचं.

चार दिवस तो बाजेवरून उठला नाही. पाचव्या दिवशी हंसाबाईला म्हणाला, "मी तिथं नसतो तर काच फुटली नसती. तिचं ती बराबर वळवते. मले आता कुठं न्याचं नाही."

"अवो, पण..."

"सांग तिले."

धम्मरत्ननं मात्र ताट बदलायचं म्हणून मालकालाच बोलावून घेतलं. गाडी पूनमसिंगच्या नावावर, निर्णय त्याचा. दारव्ह्याला तिघंही गेले. पूनमसिंग डाल्यात चढला, ताट जिथं ठोकलं होतं तिथं त्यानं हात ठेवला.

"हेच मागं घेतलं तर नाक काचेले लागन नाही," तो म्हणाला. "पण भार मागच्या चाकाच्या मागं जाईन. गाडी उलाळ होईन."

"उलाळ?" धम्मरत्न पोट्टाच होता.

"बैलगाडीत मागं लय माल भरला का जू वर उचलते, बैलाच्या मानेले फास लागते. तसंच पुढची चाकं हलकी पडतीन. स्टिअरिंग ऐकन नाही."

"बरोबर बोलले काका!" धम्मरत्न खूश झाला. "म्हणूनच सरकणारं घ्या. रस्त्यावर पुढं, वळणावर मागं. त्यात दोन तऱ्हा. एक आपोआप सरकते, ड्रायव्हर एकटा असला तरी चालते. दुसऱ्याले दांडा आहे. वळण आलं का एकानं उतरून हातानं ओढाचा, वळण संपलं का पुन्हा लावाचा. दोन्ही मजबूत. फरक एवढाच, दुसऱ्याले सोबत माणूस लागते."

सोबत माणूस लागते. ते काम पूनमसिंगसाठीच केल्यासारखं होतं. समोरचं तर त्याला लख्ख दिसत होतं! पण डोळ्यापुढून ते काचेचे तुकडे जात नव्हते.

"आपोआपवालं लाव," तो म्हणाला. "ती एकटीच राहणार आहे गाडीत."

धम्मरत्ननं पाना उचलला.

"हातानं ओढाचं लावा, भाऊ."

आवाज बबिताचा होता. हंसाबाईनं दचकून मागं पाहिलं.

"ताई, दर वळणाले कोण उतरन?"

"बा उतरतीन," बबिता म्हणाली. मग ती पूनमसिंगकडे वळली. घुंगट होता, पण आवाज सरळ त्याच्याकडे आला, मध्ये कुठंही न थांबता. "बा, रस्ते तुमाले माहीत आहेत, मले नाहीत. पण आता मले सांगाचं. याडीले नाही. तिच्यातून येईपर्यंत काच फुटते."

पूनमसिंगला सुनेशी थेट बोलायची अकरा वर्षांत सवयच नव्हती. त्यानं डाल्याच्या कडेला धरून नुसती मान हलवली, आणि मग उगाच चष्मा पुसत बसला.

संध्याकाळी गाडी पुन्हा रपटा ओलांडून कडुनिंबापाशी आली. पूनमसिंग उतरला. दांडा ओढला, बबितानं गाडी थोडी पुढं घेतली, ताट खटकन मागं सरकून बसलं. त्यानं हलवून खात्री केली आणि मागं जाऊन उभा राहिला. हंसाबाई आपली नेहमीच्या जागी, कॅबिनच्या दाराशी.

त्यानं आरशात पाहिलं. बबितानं पदर खांद्यावर टाकला होता. उघडा चेहरा, नजर सरळ आरशात, त्याच्याकडे. डाव्या नाकपुडीशेजारी तीळ होता. नातीला तो तीळ कुणाचा आला, असं पूनमसिंग आठ वर्षं म्हणत आला होता. ना त्याच्या घरात कुणाला होता, ना हंसाबाईच्या माहेरी. आज कळलं.

गाडी वळायला लागली. नाकाचं टोक कॅबिनकडे आलं.

"तिले..." सवयीनं त्याच्या तोंडून निघालं. त्यानं ते गिळलं. मग बैल हाकताना जसा ओरडायचा, तसा छातीच्या तळापासून ओरडला, "बबिता! थांब!"

गाडी जागच्या जागी थांबली.

"किती राह्यलं, बा?"

"चार बोटं!"

"मंग येऊ का?"

"ये," पूनमसिंग म्हणाला. त्यानं आरशाकडे पाहत हात हलवला. "ये माय, ये. मी पाहून राह्यलो."

काच शाबूत ठेवून ट्रेलर कडुनिंबाला वळसा घालून तांड्यात शिरला. हंसाबाई निरोप पोचवायला तोंड उघडून उभी होती, ती तशीच उभी राहिली. तिला कुणी काही सांगितलंच नाही.

"बाप्पा बाप्पा!" डोळ्याला पदर लावत ती म्हणाली. "सुटली मी."