तीन खिळ्यांचा माड

बाईंच्या निवृत्तीला एकोणचाळीस दिवस उरले होते. चाळिसाव्या दिवशी त्यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञाला, म्हणजे धाकट्याला, काय काय मिळणार, ते नारळ संशोधन केंद्रात सगळ्यांना पाठ होतं. बाईंची खोली, बागेकडे उघडणारी तिची खिडकी, केंद्रातला एकमेव धड सूक्ष्मदर्शक, आणि नव्या वाणाच्या प्रस्तावावर बाईंच्या नावाखालची जागा. एवढं पदरात पडणार असलं की माणूस जरा जास्तच गोड बोलतो, हे बाईंनी बरेचदा पाहिलं होतं.

"मॅडम, उन्हात कशाला? गुडघा सांभाळा. बागेतल्या नोंदी मी आणतोच की टेबलावर."

"तीन वर्षं आणतोयस. कंटाळत कसा नाहीस?"

धाकटा हसला. बाईंना ते हसू आवडलं नाही.

त्यांची सगळी नोकरी नारळाच्या रोगांवर गेली होती. त्यातही एका रोगावर, झावळ्या पिवळ्या पाडून वर्ष-दोन वर्षांत उभा माड संपवणाऱ्या. प्रयोगाच्या बागेतले नोंदीतले चारशे माड त्याने एकेक करून नेले. उरला एक, नंबर दोनशे चौदा. त्याच्याच नारळांपासून बाईंनी रोगाला दाद न देणारा वाण तयार केला. त्याची नऊशे रोपं पाच वर्षांपूर्वी चाचणीसाठी बागायतदारांच्या वाड्यांत लागली. वीस दिवसांनी वाण समितीपुढे जाणार होता. दोनशे चौदा निरोगी उभा आहे, यावर सगळा डोलारा होता.

त्या दुपारी बाईंनी समितीसाठी धाकट्याच्या तीन वर्षांच्या नोंदी एकत्र चाळल्या आणि त्यांची पेन्सिल थांबली. वर्षाला साठ नारळ देताना कुरकुरणारा माड तीन वर्षं शंभरावर देत होता. मरता मरता वाचलेलं झाड एवढं उदार होत नाही. पोरगा आकडे फुगवतोय, बाईंनी ठरवून टाकलं.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

"पाऊस चांगला झाला असेल," तो म्हणाला.

"अहो, पाऊस काय एकट्या माझ्याच माडावर पडला? उद्या बघूनच येते."

"डॉक्टरांनी नको म्हटलंय ना?"

"ते डॉक्टर माणसांचे. माडांची डॉक्टर मी."

दुसऱ्या दिवशी धाकटा डबा खायला गेल्याचं पाहून बाई काठी टेकत निघाल्या. पाटाच्या पाण्यावर ओंडका आडवा टाकला होता, त्यावरून जपून पलीकडे गेल्या. रांगेच्या टोकाला पत्र्याची पाटी दिसली, २१४. माड हिरवागार होता आणि नारळांचे घोसही खरे होते. म्हणजे पोराने आकडे फुगवले नव्हते.

बाईंना हायसं वाटायला हवं होतं. त्या खोडाजवळ सरकल्या. माडाच्या खोडाची जखम भरून येत नाही, खिळ्याचं भोक जन्मभर राहतं. ही पाटी बाईंनी स्वतः ठोकली होती. पहिला खिळा वाकडा गेला म्हणून दुसरा मारला, वादळात पाटी उडाली तेव्हा तिसरा. तीन भोकं, एकाखाली एक. इथे एकच होतं, आणि खिळाही नवा.

परतताना ओंडक्यावर काठीचं टोक रुतलं. बाई वाकल्या. तीन भोकं, एकाखाली एक. येताना आपल्याच माडावर पाय देऊन त्या आल्या होत्या.

धाकट्याला त्यांनी बोलावून घेतलं. "पाटी कधी हलवलीस?"

"कुठली पाटी? मॅडम, मी दर महिन्याला दोनशे चौदाची नोंद घेतो."

"झाडाची घेतोस की पाटीची?"

त्याचा चेहरा उतरला. "पाटीची," तो म्हणाला.

हा खोटं बोलत नव्हता. मग उरला शिडीदादा. आयुष्यात शिडी न वापरता माडांवर चढणारा बागेचा गडी, म्हणून हे नाव. तो मान खाली घालून आला.

"बाई, ओरडा हवं तर. पण आधी साहेबांना विचारा."

"कोणते साहेब?"

"तुमच्या घरचे. तीन वर्षांमागे तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि इकडे माड पिवळा पडला. मी घरी फोन केला. साहेब म्हणाले, टाके निघू देत. टाके निघाले, म्हणाले, चालू तर दे तिला. तेवढ्यात हे नवे साहेब वही घेऊन आले. पिवळा माड वहीत गेला तर तुम्हाला कळणार. म्हणून पाटी काढून शेजारच्या, कडेच्या माडाला ठोकली. म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न."

"आणि चार दिवसांनी?"

"कोणी विचारलंच नाही, बाई. पुढे माड मेला, तोडून पाटावर टाकला."

संध्याकाळी नवऱ्याने काही लपवलं नाही. "तू नुसती भिंतीकडे बघत पडायचीस. रोज विचारायचीस, माझा माड कसा आहे? मी म्हणायचो, मस्त. मग तो शब्द मागे घेणं जमलंच नाही."

सकाळी धाकटा बाईंच्या खोलीच्या दारात उभा. "मॅडम, शेजारचाही माड निरोगीच आहे ना? समितीला काय फरक पडतो?"

"नऊशे रोपं मेलेल्याची आहेत, शेजारच्याची नाहीत."

"ते कळायला आणखी पाच वर्षं लागतील."

"हो. तेव्हा या खुर्चीत तू असशील."

धाकट्याने खुर्चीकडे पाहिलं आणि कोरा कागद आणून दिला. बाईंनी प्रस्ताव मागे घेतला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पाटीची अदलाबदल, देखरेखीत माझी चूक.' बागायतदारांनाही तसंच कळवलं.

तर किंमत म्हणून कोणी काय भरलं? बाईंनी वाण भरला आणि नोकरीच्या शेवटच्या ओळीत स्वतःच्या हाताने 'चूक' लिहिली. त्यामुळे शिडीदादाचं काम टिकलं. नवऱ्याशी बाई पूर्वीसारख्याच बोलतात. फक्त तो कशालाही 'मस्त' म्हणाला की विचारतात, "बघून सांगताय ना?" आणि तो उठून बघून येतो.

धाकट्याला खोली मिळाली, सूक्ष्मदर्शक मिळाला. खिडकीतून तो शेजारचा माड दिसतो. कडेच्या रांगेतला, आतल्या झाडांना आडोसा म्हणून लावलेला, ज्याची नोंदच कोणी कधी घेतली नव्हती. तो नशिबाने जगला की अंगच्या ताकदीने, हे सिद्ध करायला वीस वर्षं लागतात. धाकट्याच्या निवृत्तीलाही साधारण तेवढीच आहेत.

नऊशे खड्डे खणलेल्या बागायतदारांपैकी एकाचंच पत्र आलं. पाच वर्षं पाणी घातलं, आता तिथे काय लावू, एवढंच विचारलं होतं. ते पत्र धाकट्याच्या टेबलावर आहे. उत्तर अजून गेलेलं नाही.