अंधारातलं सूत

सिदूने खोलीत विजेचा दिवा घेतला तो काळ्या लोकरीपायी. लोकर पांढरी असती तर चिमणीच्या उजेडातही त्याच्या आईचं, म्हाळसाबाईचं भागलं असतं. पण काळी लोकर आणि काळोख यांचं भारी साटंलोटं. टकळीवरचा धागा कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो, ते पन्नाशी उलटलेल्या डोळ्यांना उमगत नव्हतं.

आणि ही लोकर काही बाजारातून आणलेली नव्हती. वेळापूरच्या माळावर नवऱ्याने जन्मभर राखलेल्या कळपाची ती शेवटची कातरण. नवरा गेला, सिदूने सोलापुरात गिरणी धरली, मग मेंढरं कोणाच्या भरवशावर ठेवायची? ती विकायच्या आदल्या दिवशी म्हाळसाबाईने एकूण एक कातरून घेतली आणि लोकरीचं गाठोडं मांडीवर घेऊनच ती शहरात आली. लेक बनाबाई माघात पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाला यायची होती. त्यांच्या घराण्यात लेकीच्या पहिल्या बाळाला माहेरच्या मेंढरांच्या लोकरीचं, आजीच्या हातच्या सुताचं घोंगडं लागतं. कळप उरला नव्हता, गाठोडं तेवढं उरलं होतं. ते बिघडलं तर दुसरं आणायचं कुठून?

दिवसा तिला सवड नसे. पहाटे उठून ती गिरणीकामगारांच्या खाणावळीत भाकऱ्या थापायला जायची ती दिवस कलल्यावर परतायची. तोवर सिदू दुपारपाळीला निघून गेलेला असायचा. कातायला उरायची ती संध्याकाळ. म्हणून सिदूने दसऱ्याला घरमालकाच्या हातापाया पडून तार आत घेतली, मधल्या आढ्याला गोळा टांगला आणि आईला बटण दाबायला शिकवलं. म्हाळसाबाईने दिव्याला हात जोडले आणि त्या रात्री लोकरीचा केसन् केस तिला दिसला. सिदूला बोलावून बोलावून ती दाखवत होती, जणू लोकर त्यानेच निर्माण केली होती.

दाराच्या वर मीटर होतं. काचेआड एक चकती, तिच्यावर एक तांबडी खूण. दिवा लावला की चकती फिरू लागायची. म्हाळसाबाईला आधी गंमत वाटली. मग पहिलं बिल आलं, दीड रुपयाचं, आणि गंमत गेली. आठवडाभर चुलीपुढे भाजून निघावं तेव्हा तिच्या पदरात तेवढे पैसे पडायचे. सिदू म्हणाला, चालायचंच. पण म्हाळसाबाईला त्या दिवसापासून चकती म्हणजे जातं वाटू लागलं आणि आत दळला जातोय तो आपल्या पोराचा घाम, असं तिच्या मनाने घेतलं. एकदा मनाने घेतल्यावर मग सांगायचं कोणाला?

तिने आपली युक्ती काढली. गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचा दिवा होता, त्याचा थोडा उजेड तिच्या उंबऱ्यापर्यंत पोचायचा. तो फुकटचा. ती उंबऱ्यात बसून कातायची. थंडी पडली तेव्हा पदर कानांवरून गुंडाळून बसायची. गिरणीचा भोंगा झाला की उठायची, आत जाऊन बटण दाबायची आणि गोळ्याखाली अशी बसायची की संध्याकाळपासून इथेच आहे. सिदू गल्लीत वळायचा, आपल्या खोलीत लखलखाट बघायचा आणि दिवसभराचा शीण विसरायचा. आईने लेकाला फसवावं आणि लेकाने सुखाने फसावं, असा दोघांचा संसार चालला होता.

दुसरं बिल आलं. दीड रुपया.

म्हाळसाबाई चक्रावली. भोंग्यानंतरचाच दिवा महाग पडतोय, असं तिने ठरवलं आणि भोंग्याऐवजी सिदूची पावलं वाजली की बटण दाबू लागली. तिसरं बिल आलं, तेही तेवढंच. आता मात्र तिच्या डोक्यात शेजारीण शिरली. भिंतीपलीकडे मैंदर्गीची शरणम्मा राहायची, आणि तिच्या खोलीत दिवेलागणीपासून निजानीजेपर्यंत दिवा असायचा. बिल किती येतं, असं म्हाळसाबाईने सहज विचारल्यासारखं करून विचारलं. शरणम्मा म्हणाली, "दीड रुपाया की, म्हाळसाक्का." झालं. एवढा जाळूनही दीडच, आणि आपण जाळत नाही तरी दीडच? म्हणजे हिचा दिवा आपल्या चकतीवर चालतोय. तारा तर दोघींच्या एकाच छपरावरून गेलेल्या. म्हाळसाबाईने शरणम्माशी बोलणं टाकलं. ती बिचारी रोज येऊन सुतातल्या गाठी सोडवून द्यायची, तिला एका संध्याकाळी उंबऱ्यावरूनच परत लावलं. का, ते शरणम्माला कळलं नाही. तिने चार दिवस वाट पाहिली, मग तीही यायची थांबली. गाठी सुतातच राहू लागल्या.

सिद्धेश्वराची जत्रा नुकतीच सरली होती. अमावस्या म्हणून खाणावळ बंद होती, सिदू पाळीला जायचा होता, मायलेकरं घरातच होती. तेवढ्यात मीटर बघणारा रामहरी आला. स्टुलावर चढला, काचेत डोकावला, पुन्हा डोकावला आणि खाली उतरून त्याने विचारलं, या खोलीत कोणी राहतं की नाही? पहिला महिना सोडला तर आकडा जेमतेम हललाय.

सिदू म्हणाला, आमी राहतो की. आई रोज रात्री कातत बसती.

"मग चिमणीवर कातत असतील," रामहरी म्हणाला. "हा दिवा काही लागत नाही."

सिदूने आईकडे पाहिलं. आईने चुलीकडे पाहिलं. सिदू काय ते समजला, पण माणसाला आईवर ओरडता आलं नाही की तो परक्यावर ओरडतो. दिवा लागत न्हाय, मंग दीड रुपाया कशाचा घेता, म्हणून त्याने रामहरीलाच धरलं. रामहरी शांत माणूस होता. त्याने समजावून सांगितलं की तार घरात आली, मीटर बसलं, त्याचा महिन्याचा कमीत कमी आकार ठरलेला असतो. दिवा लावा, नाहीतर लावू नका. एका गोळ्याचं घर रोज रात्री निजेपर्यंत दिवा जाळून त्या आकारातच बसतं. शेजारच्या बाईंचं तसंच आहे. त्याच्या वर जाळलं तरच जास्त. सिदूला हे पटेना. न खाल्लेल्या जेवणाचे पैसे कोणती खाणावळ घेते, असं तो विचारू लागला. आवाज चढला तशी म्हाळसाबाई पुढे आली.

"गप, सिदू. त्येचं बरुबर हाय," ती म्हणाली. "आपली मेंढरं खतासाटी रानात बसवाया लोक बोलवायचे, ती आठव. एका रातीची एक पायली जुंधळा ठरल्याली. मेंढरांनी लेंड्या लई टाकल्या काय, कमी टाकल्या काय, तुजा बा पायली घ्यायचाच. कळप आला, रातभर बसला, त्येची ती पायली."

एवढं मात्र सिदूला समजलं.

म्हाळसाबाईने वर गोळ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पायली मोजून द्याची अन् मेंढरं बांदाभाईर ठिवायची, असला खुळा शेतकरी म्या कदी बघितला न्हवता. आता बघितला."

रामहरीला आधी हसू आलं, पण म्हातारीचं तोंड बघून त्याने ते गिळलं. आकडा टिपून तो निघून गेला.

सिदूने विचारलं, सूत कुटं कातलंस? ती म्हणाली, दारात. भर दिवसा उठून त्याने दिवा लावला. दिवा मालवायला तिचा हात सवयीने बटणाकडे गेला, तेव्हा त्याने तो मनगटात धरला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पायली दिलीया आपुन."

मग त्याने कोपऱ्यातली सुताची गुंडी आणून गोळ्याखाली धरली. म्हाळसाबाईने ते सूत उजेडात पहिल्यांदा नीट पाहिलं. कुठे दोरखंडासारखं जाड, कुठे तुटेल इतकं बारीक, जागोजागी गाठी, मधे गवताची काडी अडकलेली. लग्न होऊन आल्यापासून तिच्या हातून असलं सूत कधी उतरलं नव्हतं. पीळ बसलेली लोकर पुन्हा पिंजता येत नाही. गाठोडं अर्धं संपलं होतं. आपण लेकाचे पैसे वाचवले नाहीत, नवऱ्याची शेवटची लोकर मात्र नासली, हे तिला कळून चुकलं, आणि ती पदर तोंडावर घेऊन रडली. सिदू शेजारी बसून राहिला.

संध्याकाळी ती शरणम्माच्या दारात गेली आणि मनात काय आलं होतं ते सरळ सांगून टाकलं. शरणम्माने कानडीत दोन-चार शेलक्या शिव्या दिल्या, मग मराठीत हसली आणि टकळीपाशी येऊन बसली. त्या दिवसापासून खोलीत दिवेलागणीपासून दिवा असायचा. उरलेली लोकर दोघींनी मिळून पिंजली. म्हाळसाबाईने ती जीव ओतून कातली, एकसारखी, बनाबाईच्या केसासारखी.

सुताच्या गुंड्या घोंगडी विणणाऱ्या मायाप्पा सणगराकडे गेल्या. त्याने दोन्ही हातात घेऊन विचारलं, ह्या दोघी कातणाऱ्या कोण? म्हाळसाबाई म्हणाली, दोनी मीच. मायाप्पाने एकेका सुताची एक अशा दोन पट्ट्या विणल्या, कारण घोंगडं दोन पट्ट्या जोडूनच होतं. पण जोडायच्या आधी त्याने सिदूला बोलावून सल्ला दिला. ही दुसरी खरखरीत झाली आहे, कोवळ्या अंगाला सोसायची नाही. बाळाला एक पट्टी पुष्कळ.

बनाबाईला मुलगी झाली. पाचवीला तिला चांगल्या पट्टीवर निजवलं, आणि ती आजोबाच्या मेंढरांच्या लोकरीवर मुठी वळून निजलीही. म्हाळसाबाईच्या मनावरचं ओझं उतरलं. तिने दुसरी पट्टी घडी घालून चुलीपाशी ठेवली. तवा-भांडी उतरवाया व्हईल, असं ती बनाबाईला म्हणाली.

सिदू पाळीला निघाला होता. त्याने ती पट्टी उचलली, झटकली आणि गळ्याभोवती गुंडाळली.

"ती कशाला घेतूस?" म्हाळसाबाई म्हणाली. "लई टोचती ती."

"टोचू दे," सिदू म्हणाला.

आणि तसाच तो गिरणीकडे निघाला. गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्याने मागे वळून पाहिलं. अजून दिवस कललाही नव्हता, पण म्हाळसाबाईने दिवा लावला होता.