जिभेखालची पूड

मित्रांनो, माझ्यात बोट फिरवून चाटू नका. तोंड तासभर कडू राहील. मी पांढऱ्या चिनीमातीचा, काठाचा टवका उडालेला जुना खल आहे.

भट्टीतून निघालो तेव्हा मी काचेसारखा गुळगुळीत होतो. भोरमधल्या एका औषधांच्या दुकानात तान्ह्या बाळांच्या गोळ्या माझ्यात घोटत. "किती बारीक पूड!" असे आया म्हणत. पुढे बाटलीतली पातळ औषधे आली आणि मी फळीवर धूळ खात पडलो. मग गर्द सोडू पाहणाऱ्यांच्या केंद्रात मला आणले.

इथे नूतन सिस्टर गोळी कुटून पूड माणसाच्या जिभेखाली ठेवतात. ती विरघळेपर्यंत बोलायचे नाही, गिळायचे नाही. त्या पुडीने गर्दची तलफ आणि अंगाची तडफड थांबते. माणूस कामाला लागतो. पण तोंडात लाळ साठवून बसलेली ती माणसे पाहून मला शिसारी येई. त्यांना तर स्वतःचीच येई. बाजारात समोर आले तरी ते एकमेकांना ओळख देत नाहीत.

पासली गावच्या वरच्या वाडीतला रायबा त्यांपैकीच एक. पुण्यात टेम्पो चालवताना तो गर्दच्या नादी लागला होता. सात महिने गोळी घेतली आणि तो पुन्हा मेंढरांमागे डोंगर चढू लागला. पण भैरवनाथापुढे त्याने भंडारा उचलून शपथ घेतली होती: नशा बंद. गोळीही नशाच, असे भावकीने धरले.

एके दिवशी त्याची बायको सारजाबाई सोबत आली.

"बाई, ह्यांनी भंडारा उचललाय, अन् हितं रोज तोंड वासून बसत्यात. भावकी म्हनती, आधी चोरून घ्यायचा, आता सरकारी घेतो."

"ही नशा नाही, सारजाबाई, औषध आहे," सिस्टर म्हणाल्या. "एकदम सोडलं तर गर्द परत धरेल."

"मलाबी किळस येती, सिस्टर," रायबा म्हणाला. "मेंढराला जंताचं औषध पाजावं तसं झालंय माजं. नगं आता."

तो उठून गेला. रांगेतल्या गोरखने टाळी वाजवली. "मर्द हाय गड्या!"

वीस दिवसांनी सारजाबाईनेच रायबाला धरून आणले. गोळी सुटताच अंग मोडून आले, जुलाब लागले, झोप उडाली. पाचव्या दिवशी त्याने पुन्हा गर्दची सुई टोचून घेतली. दंडावरचे गळू फुटून पू वाहत होता. गोरखने नाकाला रुमाल लावला.

"आता का रं नाक धरतोस?" सारजाबाई कडाडली. "टाळी वाजवताना हात बरा चालला तुजा!" मग ती सिस्टरांकडे वळली. "मीबी तसलीच. भंडारा गर्दवर उचलला व्हता, औषधावर न्हाई. देवाला कळलं, आमालाच कळंना."

डॉक्टरांनी जखम धुतली, तपासून थोड्या मात्रेपासून गोळी पुन्हा सुरू केली. माझ्यात बत्ता फिरला. रायबाच्या ओठातून लाळ ओघळली, तेव्हा सारजाबाईने ती पदराने टिपली. सगळ्यांदेखत.

त्या दिवसापासून मला लाळेची शिसारी येत नाही. त्या टाळीची येते. मित्रांनो, माझी किळस आली तर खुशाल तोंड फिरवा. मला रोज उकळत्या पाण्याने धुतात, माझ्यावर काही राहत नाही. औषध घेणाऱ्या माणसावर उडवलेली थुंकी मात्र तो घरी घेऊन जातो. ती उडवू नका.